माहेरची बाळंतपणं आणि जन्मनोंदीचा तक्ता

संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी तालुका आरोग्य कार्यालयात लागले आणि पहिल्याच महिन्यात एक तक्ता केला. गाव, लोकसंख्या, वर्षभरातले जन्म, जन्मदर. ग्रामीण रुग्णालय असलेल्या गावाचा जन्मदर अफाट आला आणि डोंगराकडच्या काही गावांत वर्षभरात एकही जन्म नाही! तिकडच्या आरोग्यसेविकेनं तक्ता पाहिला आणि म्हणाली, "ताई, मागच्या आठवड्यातच तिथल्या बाळांना लस टोचून आले मी."

या कामात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी हा तक्ता दाखवते. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची नोंद तो जिथं होतो तिथं होते, आईबाप राहतात तिथं नाही. त्यात आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी जाते. सासर एका जिल्ह्यात, माहेर दुसऱ्या, दवाखाना तिसऱ्याच गावात. दाखल्यासाठी हे ठीक आहे. पण कुठल्या गावात किती बाळं वाढतायत, किती लसी लागतील, हे ठरवायला आईचं नेहमीचं राहण्याचं गावच लागतं.

ते सापडतं जन्माच्या अहवालात, म्हणजे नमुना 1मध्ये. त्याचे दोन भाग असतात. कायदेशीर भागावरून दाखला मिळतो, म्हणून तो सगळे जपून भरतात. सांख्यिकी भागात आईचं गाव, शिक्षण, लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वेळचं वय, प्रसूती कोणी आणि कशी केली, बाळाचं वजन, किती आठवडे भरले होते, हे सारं येतं. त्याचा कुटुंबाला लगेच काही उपयोग नसतो, त्यामुळे तो घाईत उरकला जातो. आपलं काम मात्र याच भागावर उभं आहे. आकडे हातात आले की आधी विचारा, हा भाग कोण भरतं आणि कधी. बाळंतपणानंतर लगेच, की महिनाअखेरीला रजिस्टर समोर घेऊन?

वजनाचंच बघा. 2500 ग्रॅमपेक्षा कमी भरलं तर ते कमी वजनाचं बाळ. मी एकदा वजनांचा आलेख काढला, तर बरोबर 2500वर उंच खांब आणि त्याच्या अलीकडे खड्डा. बाळं अशी मोजून जन्मत नाहीत. 2430 भरलेलं बाळ कुणीतरी सहज अडीच किलो लिहिलं, की ते जोखमीच्या यादीतून गळतं आणि आशाताईंच्या जादा भेटींतूनही. वजनाची सरासरी काढण्याआधी हा आलेख काढाच.

सगळ्यात जड भाग सांगते. बाळ जन्मून श्वास घेतं आणि तासाभरात जातं, तेव्हा जन्म आणि मृत्यू अशा दोन्ही नोंदी व्हायला हव्यात. मृतजन्माचा नमुना वेगळा, नमुना 3. पण त्या घरच्या दुःखात दोन-दोन फॉर्म कोण मागणार? मग ते बाळ मृतजन्मात जातं किंवा कुठंच जात नाही, आणि बालमृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण, कागदावर कमी दिसतो. म्हणून मी प्रसूतिगृहाचं रजिस्टर स्वतः उघडून ताडते. तिथल्या सिस्टरशी हळुवार बोलावं, झडती घेतल्यासारखं नाही.

बालमृत्युदराचे राज्याचे आणि देशाचे आकडे आपण वाचतो ते बहुतेक नमुना नोंदणी पद्धतीतले. इथं नमुना म्हणजे फॉर्म नव्हे, पाहणीसाठी निवडलेले काही भाग. 2020साठी देशाचा 28 आणि महाराष्ट्राचा 16, दर हजार जिवंत जन्मांमागे. तिथं निवडलेल्या भागात एक जण वर्षभर नोंदी ठेवतो, दुसरा दर सहा महिन्यांनी स्वतंत्र पाहणी करतो आणि दोन्ही याद्या जुळवतात. पद्धत भक्कम, पण ती तालुक्याचा आकडा देत नाही. तालुक्याला आपल्या नोंदींशिवाय आधार नाही.

लिंगगुणोत्तराबाबत एकच. समजा गावात 11 मुलगे, 6 मुली जन्मल्या. गुणोत्तर, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे मुली, 545. एका मुलग्याऐवजी मुलगी झाली असती तर थेट 700. एका वर्षावरून गावावर ठपका ठेवू नका, काही वर्षं एकत्र घ्या. आणि 2011च्या जनगणनेतला बीडचा 807 हा आकडा शून्य ते सहा वयोगटाचा आहे, जन्मावेळचा नव्हे.

मी तो तक्ता आईच्या गावाप्रमाणे पुन्हा लावला. बहुतेक शून्यं भरली, दोन गावं तरी रिकामीच. सेविकेबरोबर तिच्या रजिस्टरवरून घरं शोधत गेले. एका घरी बाळंतपण घरातच झालेलं, ग्रामपंचायतीत नोंद नाही. आजी म्हणाली, "आत्या आली नव्हती ना, बारसं राहिलं. नावाशिवाय नोंद कशी करायची?" नोंद नावाशिवायही होते, 21 दिवसांत करायची असते आणि नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, हे त्या घरात कुणीच सांगितलं नव्हतं. आता तीस दिवस उलटून गेल्यानं परवानगी लागणार होती. तो अर्ज आम्ही तिथंच ओसरीवर बसून भरला. वजनाच्या रकान्यापाशी आले, तेव्हा सेविकेनं आपल्या वहीतून पहिल्या भेटीतलं वजन वाचून दाखवलं. 2180.