संकल्पांची सहामाही: एका कॅशियरची पद्धत

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. संध्याकाळी शिल्लक जुळल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, ही बावीस वर्षांची सवय. पण १ जानेवारीला डायरीत लिहिलेल्या संकल्पांना मी डिसेंबरपर्यंत हात लावत नसे, आणि डिसेंबरात हिशेब काढून उपयोग काय, तर नुसता पश्चात्ताप. तीन वर्षांपूर्वी ठरवलं की कामाची शिस्त इथेही लावायची. तेव्हापासून जुलैच्या पहिल्या रविवारी दुपारची झोप सोडून मी बसते. यंदा तो ५ जुलैला आला. दोन तास लागतात, जास्त नाही.

डायरी लगेच उघडू नका. आधी कोऱ्या कागदावर आठवतील तेवढे संकल्प लिहा. मला सातातले पाच आठवले. जे दोन आठवलेच नाहीत (सकाळी कोमट पाणी आणि रात्री फोन बाजूला ठेवणं) ते मी तिथल्या तिथे खोडले. जे सहा महिन्यांत आठवणीतूनही गेलं, त्यासाठी अश्रू ढाळू नयेत.

मग पुरावे गोळा करा. या कामात आपल्या स्मरणशक्तीवर पैचाही विश्वास ठेवू नये. मी भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेते, पासबुक घेते, आणि फोनमध्ये फाइलींच्या तारखा बघते. कालनिर्णयावर दुधाचे खाडे तर सगळेच मांडतात. मी त्याच चौकोनात अजिंक्यताऱ्यावर चढून आले की छोटा ‘अ’ काढते. आठवड्यातून तीनदा जायचं असं ठरलं होतं, म्हणजे जूनअखेर २६ आठवड्यांचे ७८ ‘अ’ व्हायला हवेत. कोणी विचारलं असतं तर मी छातीठोक साठेक म्हटलं असतं. मोजले: जानेवारी ११, फेब्रुवारी ९, मार्च २, एप्रिल ७, मे ३, जून ४. बेरीज ३६. दोनदा केली, छत्तीसच.

मार्चमध्ये दोनच का, हे विचारायची गरज नाही. पतसंस्थेत मार्च एंडला माणूस घरी फक्त झोपायला येतो. पण ते कागदावर यायला हवं. कीर्दीला, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीला, जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, तशा इथेही करा. एका बाजूला ठरवलेलं किती झालं, दुसऱ्या बाजूला वेळ खरोखर कुठे गेला. माझ्या दुसऱ्या बाजूला लेकीची बारावी, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि मेमधली चार लग्नं निघाली. हे कुठल्याच संकल्पात नव्हतं, पण झालं ते मीच केलं. ही बाजू न लिहिता नुसते छत्तीस बघितले, तर आपण आळशी आहोत एवढंच हाती लागतं, आणि ते खरंही नसतं.

आता मोजायचं माप. इथे मी यंदा सपशेल फसले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. रोज २५ ओव्या वाचून वर्षात ज्ञानेश्वरी पुरी करायची, असा संकल्प होता. ओव्या नऊ हजारांच्या थोड्या वर, म्हणजे गणित बरोबर बसतं. जुलै लागताना माझा बारावा अध्याय संपला. अठरातले बारा! मी ह्यांना ऐटीत सांगितलं की दोन तृतीयांश झाली, ऑक्टोबरातच संपवते. मग पोथी घेऊन प्रत्येक अध्यायाच्या शेवटच्या ओवीचा आकडा मांडला. पहिले बारा मिळून सुमारे ४,१३०. म्हणजे निम्मीसुद्धा नाही! एकट्या तेराव्यात ११७० च्या आसपास, आणि अठराव्यात १८०० च्या वर. पुढे असल्याच्या थाटात मी वीस दिवस मागे होते. तेव्हा तुमचं काम प्रकरणांत, धड्यांत, रागांत मोजत असाल, तर एकदा त्याच्या सगळ्यात लहान तुकड्यात मोजून बघा. शेवटचा अध्याय बहुतेक कामांत मोठाच असतो.

आता प्रत्येक संकल्पाचं काय करायचं ते ठरवा. आमच्याकडे नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्जाचं खातं एनपीए, म्हणजे थकीत, धरतात. मीही तोच नियम लावते. नव्वद दिवस हात लागला नसेल, तर ‘चालू आहे’ असं म्हणायचं नाही. एक तर पुनर्गठन, म्हणजे झेपेल अशा नव्या अटींवर पुन्हा मांडायचं, नाहीतर निर्लेखन, म्हणजे चालू हिशेबातून काढून टाकायचं.

मोडी लिपी शिकायच्या संकल्पाचं मी निर्लेखन केलं. वही बाहेर काढली तेव्हा जरा पोटात तुटलं. मोडीत आधी पानभर शिरोरेघा ओढून घेतात आणि मग अक्षरं त्यांना लटकवतात. माझ्या शेवटच्या पानावर अठरा रेघा नीट पट्टीने ओढलेल्या, अक्षरं फक्त वरच्या तीन ओळींत, खाली सगळ्या रेघा मोकळ्या. तारीख ११ फेब्रुवारी. एक लक्षात घ्या, कर्ज निर्लेखित केलं म्हणजे माफ केलं असं नसतं. ते ताळेबंदातून काढतात, वसुलीचा हक्क राहतोच. वही कपाटात आहे. फक्त रोज नजरेसमोर येऊन टोचत नाही.

ज्ञानेश्वरीला मुदतवाढ दिली. रोज २५ च ठेवल्या तर अजून १९६ दिवस लागतात, संक्रांतीच्या आसपास संपेल. ३१ डिसेंबर ही तारीख मीच घातलेली होती, माउलींनी नव्हे.

कथांचं मात्र पुनर्गठन करावं लागलं. दिवाळी अंकांसाठी तीन कथा लिहायच्या होत्या. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लिहिणाऱ्याचं वर्ष खरं दिवाळीलाच संपतं, आणि मजकूर तर त्याच्या कितीतरी आधी द्यावा लागतो. मी ज्यांना पाठवते त्यांची मुदत ३१ जुलै आहे. एक कथा पूर्ण, दुसरी निम्मी (फाइलमधला शेवटचा बदल ९ मार्च), तिसरीचं नुसतं नाव. तिसरी काढून टाकली. दुसरीपुढे ‘कथा पूर्ण करणे’ असं लिहिलं होतं. असं लिहिलं की माणूस त्या दिवशी हमखास फ्रीज पुसायला घेतो. ते खोडून लिहिलं: आत्या स्वारगेटला चुकीच्या गाडीत बसते तो प्रसंग, दोन पानं, १२ जुलै. एका बैठकीत उरकेल एवढंच काम लिहायचं आणि पुढे तारीख टाकायची.

आवर्ती ठेवीत मात्र सहाच्या सहा हप्ते जमा, कारण ते पगारातून परस्पर कापले जातात. यावरून घ्यायचं ते घ्या. मी ओव्या आता संध्याकाळी दिवा लावला की लगेच वाचते, उठायच्या आत.

शेवटचं काम, उरलेले रविवार मोजणं. वर्ष निम्मं उरलंय हा मोठा भ्रम आहे. ५ जुलैनंतर डिसेंबरअखेर २५ रविवार आहेत. यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे सण पुढे सरकलेत. गणपती १४ सप्टेंबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, तेही रविवारीच. गणपतीचे दोन, नवरात्राचे दोन, साफसफाई, फराळ आणि दिवाळी मिळून तीन, तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नांचे तीन. राहिले पंधरा. त्यातले तीन पाहुण्यांना आणि तापाला सोडले की बारा. बारा रविवारांत जे बसेल तेवढंच कागदावर ठेवा. अजिंक्यताऱ्यावर पावसाळ्यात धुकं आणि शेवाळ, म्हणून ते आता दसऱ्यानंतर. तोवर राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत रिक्षा न करता चालत जायचं.

एवढं झालं की कागद घरातल्या कुणाला तरी दाखवा. ह्यांनी चष्मा लावून वाचला आणि विचारलं, “मोडी गेली, मग त्या पेनांचं काय?” चारशे रुपयांची पेनं होती. पुढचा हिशेब ४ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी. कालनिर्णयावर गोल करून ठेवलाय. कागद मात्र मी फडताळाच्या दाराला आतून चिकटवते. बाहेर लावला होता एकदा, तर गॅसवाल्यानेसुद्धा वाचून विचारलं, “ताई, कथा झाली का?”