भालाफेकीची फायनल बघायची तर वही घेऊन बसा

भालाफेकीची फायनल आपल्याकडे बहुतेक वेळा अवेळीच येते. २०२३ ला बुडापेस्टची जागतिक स्पर्धा, रात्री पावणेबारा. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिक, बाराला पाच कमी. २०२२ ला अमेरिकेतलं युजीन, रविवारी सकाळी सातच्या सुमारास, म्हणजे आमच्या नौपाड्यात दूधवाल्याची बेल वाजते त्या वेळेला. गेल्या वर्षीची, २०२५ ची टोकियोची तेवढी दुपारी चारच्या आसपास होती, तर ती निम्म्या लोकांनी ऑफिसात फोन टेबलाखाली धरून बघितली.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये अशा वेळी पडदा लावतात. गर्दी होते, चहा होतो, आणि मग बरीचशी मंडळी नीरज चोप्राचं नाव आलं की टाळ्या वाजवतात आणि मधल्या वेळात मोबाईल बघत बसतात. शेवटी मला विचारतात, "बाई, आपण कितवे आलो?" मी ठाण्याच्या शाळांमध्ये पीटी शिकवून निवृत्त झाले. आंतरशालेय स्पर्धांत भालाफेकीच्या रेषेपाशी झेंडा धरून उभं राहण्याचं काम माझ्याकडे असायचं. त्या अनुभवावर सांगते: ही स्पर्धा समजून बघायची असेल तर एक वही आणि पेन्सिल घ्या. पेन नको, खोडावं लागतं.

वहीचं पान आडवं धरा. डावीकडे बारा नावं, फेकण्याच्या क्रमाने. पुढे सहा रकाने. प्रत्येक फेकीचं अंतर त्या त्या रकान्यात. फाऊल असेल तर फुली, खेळाडूने फेक सोडली तर आडवी रेघ. ज्याची त्याची सर्वोत्तम फेक अधोरेखित करा, आणि तिसऱ्या फेरीपासून कोण बाहेर पडणार याची रेघ पेन्सिलने मारत राहा. खरी मजा त्या रेघेजवळ असते, आणि टीव्हीवाले नेमकी तीच दाखवत नाहीत.

वर्षानुवर्षांचा नियम सोपा: बारा जणांना तीन-तीन फेकी, मग पहिल्या आठांना आणखी तीन. टोकियो ऑलिंपिकला, ७ ऑगस्ट २०२१ ला, जर्मनीचा योहानेस फेटर असाच गेला. आदल्या वर्षी ९७.७६ मीटर फेकलेला माणूस, तिथे ८२.५२ वर अडकला आणि नववा आला. सगळे नीरजच्या ८७.५८ कडे बघत होते. ज्याच्याकडे वही होती त्याला तिसऱ्या फेरीनंतरच कळलं की सगळ्यात मोठा अडथळा मैदानाबाहेर गेला.

२०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत ही गाळणी आणखी बारीक केली होती. तीन फेऱ्यांनंतर दहा उरले, चौथीनंतर आठ, पाचवीनंतर सहा. पॅरिसचा सुवर्णविजेता अर्शद नदीम ८२.७५ वर दहावा राहून चौथ्या फेरीनंतर बाहेर. नीरज ८४.०३ वर आठवा, शेवटची फेक त्याला मिळालीच नाही. हॉलमध्ये त्या दिवशी लोक उठून जायला लागले. मी म्हटलं, बसा खाली, सचिन यादव अजून आहे. उत्तर प्रदेशचा हा मुलगा ८६.२७ फेकून चौथा आला. कांस्यपदक ८६.६७ ला गेलं, अमेरिकेच्या कर्टिस थॉम्पसनला. चाळीस सेंटीमीटर! सुवर्ण त्रिनिदादच्या केशॉर्न वॉलकॉटचं, ८८.१६. आपल्याकडे आठव्या नंबरची बातमी मोठी झाली आणि चौथ्या नंबरची कोपऱ्यात, याचा मला अजून राग आहे.

एकदा पान आखलं की नजर कुठे ठेवायची ते बघू.

कॅमेरा भाल्याच्या मागे जातो. तुम्ही जाऊ नका. निदान पुनर्प्रक्षेपणात तरी खेळाडूचा डावा पाय बघा (फेकणारा उजवा असेल तर, बहुतेक असतातच). सरळ धावत येतो, मग शेवटची काही पावलं आडवी, पायावरून पाय टाकत, भाला मागे ताणलेला. त्यानंतर डावा पाय पुढे आपटतो आणि तिथेच गच्च उभा राहतो. तो गुडघा वाकला, की धावण्याचा वेग जमिनीत जिरला. तो ताठ राहिला, की सगळा वेग कंबरेतून, छातीतून, खांद्यातून वर चढत हातात येतो. चांगल्या फेकीत भाला हातातून सुटताना ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे असतो. हे सगळं डोळ्यांनी पकडायला थोडा सराव लागतो. एका फायनलमध्ये जमणार नाही, पण तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत तुम्ही आकडा यायच्या आधी "गेली" किंवा "नाही गेली" म्हणायला लागाल.

मग रेषा. धावपट्टीच्या टोकाला पांढरा कमानीसारखा पट्टा असतो, सात सेंटीमीटर रुंद. त्याला पाय लागला तरी फाऊल, ओलांडायची गरज नाही. म्हणून सगळे रेषेच्या मीटर-दोन मीटर आधी फेकतात आणि उरलेल्या जागेत स्वतःला थांबवतात. नीरज तर फेकल्यावर दोन्ही हातांवर पडतो. हे अंतरही डोळ्यांत ठेवा: रेषेपासून फार मागे फेकलं तर तेवढे मीटर फुकट गेले, कारण मोजणी रेषेपासून होते.

आणि एक गंमत. फेक मनासारखी नाही गेली की खेळाडू मुद्दाम चालत रेषा ओलांडतो. पंचांनी लाल झेंडा दाखवला की हॉलमध्ये कुणीतरी हळहळतंच. हळहळू नका. त्याला ती फेक मोजून नको असते. वहीत मी अशा फुलीला गोल करते, म्हणजे खरी चूक आणि ठरवून केलेली चूक वेगळी दिसते.

भाला जमिनीत रुतलाच पाहिजे असा गैरसमज फार आहे. दुसऱ्या मजल्यावरचे काका अजून त्यावर वाद घालतात. नियम एवढाच की टोक आधी टेकलं पाहिजे. मग तो आडवा घसरला तरी चालतो. शेपूट किंवा पोट आधी टेकलं तर फाऊल. दोन्ही बाजूंच्या रेषांच्या आत पडणंही आलंच. त्या रेषा अशा कोनात आखतात, की त्या पांढऱ्या कमानीच्या केंद्रापासून साठ मीटरवर त्यांच्यातलं अंतर तीस मीटर भरतं, कुठेही निम्मं.

भाला असा नाक खाली घालून का उतरतो, तर तो मुद्दाम तसा केलाय. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर फेकला. तेवढ्या लांब भाला जायला लागला तर समोरच्या ट्रॅकवर धावणाऱ्यांचं काय? शिवाय जुना भाला तरंगत जाऊन आडवा पडायचा, टोक आधी की पोट आधी यावर पंचांची भांडणं. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटीमीटर पुढे सरकवला आणि तो लवकर नाक टाकायला लागला. वजन तेच, ८०० ग्रॅम. नव्या भाल्याचा विक्रम १९९६ पासून चेक प्रजासत्ताकाच्या यान झेलेझ्नीच्या नावावर आहे, ९८.४८ मीटर. पुढे हेच झेलेझ्नी नीरजचे प्रशिक्षक झाले.

नव्वद मीटर म्हणजे किती हे मुलांना सांगायला मी ठाणे स्टेशन वापरते: लोकलचे चार डबे आणि वर थोडंसं. फलाटावर उभं राहून एकदा बघाच.

आता वहीचा खरा उपयोग, पॅरिसचं पान. ८ ऑगस्ट २०२४. पहिल्या फेरीत नदीम फुली, नीरज फुली. दुसऱ्या फेरीत नदीम ९२.९७. ऑलिंपिक विक्रम ९०.५७ होता, २००८ चा. तो मोडून वर दोन मीटर चाळीस सेंटीमीटर. थोड्या वेळाने नीरज ८९.४५, त्या घडीला त्याची त्या मोसमातली सर्वोत्तम फेक. हॉलमध्ये सगळे म्हणाले, अजून चार फेकी आहेत. पानावर पुढे काय आहे? नीरजसमोर फुली, फुली, फुली, फुली. सहापैकी एकच फेक मोजली गेली आणि तिने रौप्य दिलं. त्या चार फुल्यांकडे बघितलं की कळतं, तो दुसऱ्या क्रमांकासाठी फेकतच नव्हता. नदीमने शेवटच्या फेकीतही ९१.७९ काढले.

दोघांची सर्वोत्तम फेक सारखी निघाली तर दुसऱ्या क्रमांकाची फेक बघतात. म्हणून छोट्या फेकीही लिहून ठेवा, आळस करू नका.

आकडा लगेच आला नाही तर घाबरू नका. भाला पडतो तिथे पंच प्रिझम लावलेली काठी टेकवतात, दुरून यंत्र मोजतं, सेंटीमीटरच्या खालचं सोडून देतात. कधी यंत्रच दगा देतं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत नीरजच्या पहिल्या फेकीची मोजणीच झाली नाही, त्याला पुन्हा फेकावं लागलं. त्याच संध्याकाळी आपल्याच किशोर जेनाला आधी लाल झेंडा दाखवला आणि मग निर्णय फिरवला. त्याने पुढे ८७.५४ फेकून रौप्य घेतलं. नीरजचं सुवर्ण ८८.८८ चं. तेव्हा निकाल अधिकृत लागेपर्यंत पान फाडू नका.

दुसऱ्या दिवशी सोसायटीतली पोरं काठ्या घेऊन खाली उतरतात, ते थांबवा. गाड्यांच्या काचा राहू देत, डोळे जातील. ज्याला खरंच शिकायचंय त्याला मैदानावर शिक्षकांपुढे उभं करा. अठरा वर्षांखालच्या मुलांचा भाला ७०० ग्रॅमचा, मुलींचा ५०० चा. मोठ्यांचा देऊ नका, कोपर दुखावतं. सुरुवात टेनिस बॉलने खांद्यावरून फेकण्यापासून. भाला घेऊन पळायचं नाही, चालायचं, आणि टोक खाली ठेवून उभा धरायचा. जमिनीतून उपटण्याआधी मागे वळून बघायचं, कारण टोकाइतकीच शेपटी लागते. सगळ्यांच्या फेकी संपल्याशिवाय कुणीही आणायला जायचं नाही, आणि आणलेला भाला उलटा फेकून द्यायचा नाही, हातात द्यायचा. लोकलने न्यायचा असेल तर मालडबा, आणि दोन्ही टोकांना भोक पाडलेले टेनिस बॉल घट्ट बसवून.