फोर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स गाड्यांच्या कामात येणाऱ्या नवीन पोरांसाठी

कोल्हापुरात कळंबा रोडच्या आयटीआयमधनं मोटर मेकॅनिक करून मी उद्यमनगरात कामाला लागलो तेव्हा फोर व्हील ड्राइव्ह म्हंजे डोक्यात एकच, जीप नाहीतर थार. लिव्हर टाकला की चारी चाकं, काढला की दोन, टो करायची असली तर ट्रान्सफर केस, म्हंजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा, न्यूट्रलला टाकायची, विषय संपला. हीच सवय घेऊन स्पोर्ट्स गाड्यांच्या गॅरेजात गेलो आणि तिथंच माती खाल्ली.

पहिल्याच पावसाळ्यात आंबा घाटात एक जर्मन सेडान उभी राहिली, कूलंटचा पाईप फुटलेला. फ्लॅटबेड, म्हंजे अख्खी गाडी वर घेणारा सपाट ट्रक, यायला तीन तास, मालक तापलेला, आणि समोरच दोन चाकं उचलायची क्रेन रिकामी उभी. मी शहाणपणा केला, म्हटलं पुढची चाकं उचला, गाडी न्यूट्रलला हाय, काय होत नाही. मलकापूर यायच्या आधीच जळका वास सुटला. दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्सचा पॅन उतरवला तर ऑइल काळंकुट्ट, आणि पॅनमधल्या मॅग्नेटवरचा चुरा बोटावर घेतला की चमचमतोय. वस्तादनं पगारातनं एक रुपया कापला नाही, पण दोन महिने मला चहा आणायच्या कामावर ठेवलं, ते जास्त लागलं.

मग त्यानंच खडूनं फरशीवर काढून दाखवलं. त्या गाडीची मागची चाकं थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडलेली, पुढच्या चाकांना ताकद ट्रान्सफर केसच्या क्लचमधनं जाते. इंजिन बंद म्हंजे गिअरबॉक्समधला ऑइल पंप बंद, आणि मागची चाकं रस्त्यावर फिरतायत म्हंजे आतला सगळा माल कोरडा फिरतोय. इथं थारसारखा लिव्हर नाही जो सोडला की सगळं सुटतं. ऑडीनं 1980 ला जिनिव्हाच्या शोमध्ये क्वात्रो आणली तिथपासनं प्रत्येक कंपनीची आतली रचना वेगळी, बीएमडब्ल्यूची एक्सड्राइव्ह, मर्सिडीजची फोरमॅटिक, निस्सान जीटी-आरमध्ये तर गिअरबॉक्सच मागं हाय आणि दोन शाफ्ट, एक मागं जाणारा आणि एक परत पुढं येणारा. सगळ्या पाठ करायची गरज नाही. डिकीवरचा बिल्ला वाचायचा आणि मॅन्युअलमधलं टोइंगचं पान काढायचं. मी धरलेला नियम एवढाच, उचलून न्यायची तर चारी चाकं वर, मधलं काय नाही.

जॅकवरही तेच. एक चाक हवेत हाय म्हणून गिअर टाकून आवाज कुठनं येतोय बघायला जाल तर जमिनीवरची चाकं ओढ घेतात आणि गाडी जॅकवरनं उडी मारती. फिरवून बघायची असली तर लिफ्टवर, चारी चाकं मोकळी, आणि तरी समोर कुणी उभं राहायचं नाही. ब्रेक टेस्टिंगचे दोन चाकांचे रोलर किंवा जुना डायनो, म्हंजे गाडीची ताकद मोजायचे रोलर, असला तर त्यावर चढवूच नका, पुढची फिरतील, मागची थांबलेली, मधला क्लच भाजून निघतो.

टायरचं लोकांना पटतच नाही. मालक म्हणतो एकच फाटलाय, एकच बदला. आता हिशोब बघा, नव्या आणि घासलेल्या टायरच्या नक्षीच्या खोलीत 3 मिलीमीटरचा फरक असला तर घेरात जवळजवळ 19 मिलीमीटरचा पडतो. दोन मीटर घेराचं चाक एका किलोमीटरला 500 फेरे मारतं, घासलेलं साधारण पाच जास्त. ते पाच फेरे दर किलोमीटरला मधल्या क्लचनं नाहीतर डिफ्रन्शिअलनं, म्हंजे चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरांनी, पचवायचे. पुढं-मागं वेगळं साईझ कंपनीनंच दिलं असेल तर चालतंय, ते हिशोब करूनच दिलेलं असतंय.

ऑइल बदलताना आधी भरायचा प्लग सोडवून बघायचा, तो निघाला तरच खालचा काढायचा. वरचा जाम निघाला आणि खालचं सांडलं की गाडी तिथंच बसली. ट्रान्सफर केस, मागचा डिफ (डिफ्रन्शिअल), आणि काही गाड्यांत मागच्या क्लचचं ऑइल वेगळं, हे तीन डबे एकमेकांत मिसळू नका. काम झालं की मोकळ्या प्लॉटवर स्टिअरिंग फुल मारून हळूहळू आठचा आकडा काढायचा. धक्के जाणवले, मागनं कुणी धरल्यासारखं वाटलं, तर ऑइल चुकलंय नाहीतर टायर. हायवेवर शंभरनं पळवून हे कधीच कळत नाही, पण पोरांना पळवायचीच हौस.

2019 आणि 2021 च्या महापुरात बेसमेंटला बुडालेल्या गाड्या आल्या तेव्हा वेगळाच ताप. बॅटरी मेलेली, गाडी पार्कमध्ये लॉक, इलेक्ट्रिक हँडब्रेक सुटत नाही. चाकं घासत ओढायची नाहीत, प्रत्येक चाकाखाली डॉली, म्हंजे छोटी चाकांची ट्रॉली, सरकवायची आणि मग विंचनं, म्हंजे तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रानं, बेडवर. चालू करायचा तर विषयच नाही. डिफच्या ब्रीदरमधनं, म्हंजे हवा जायच्या भोकातनं, पाणी आत गेलेलं असतंय, ऑइल चहात दूध घातल्यासारखं निघतंय.

फ्लॅटबेडवाल्याला फोनवरच विचारून घ्या, बेड किती खाली टेकतो आणि विंच हाय का. पट्टा चाकांना बांधायचा, सस्पेन्शनच्या हातांना नाही. काही गाड्यांत टो करायचा हुक उलट्या आट्याचा असतो, जोर लावून तोडू नका. आणि स्वतःच्या गाडीत चार लांब फळ्या ठेवा, पुढचा बंपर बेडच्या काठाला लागला की रंगाचं बिल आपल्याच नावावर येतंय.