तिकिटावर फ्रँकफर्ट, विमान मात्र हानहून

जर्मनीत नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या सुट्टीत इटली-स्पेनचं स्वस्त तिकीट शोधतो. त्यावर लिहिलेलं असतं ‘फ्रँकफर्ट-हान’. आपण फ्रँकफर्ट वाचतो आणि ‘हान’ हे त्याचं आडनाव समजून सोडून देतो.

हान फ्रँकफर्टपासून रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे कामशेतला विमानतळ बांधून त्याला मुंबई म्हणायचं, त्यातला प्रकार. राज्यसुद्धा वेगळं! हुन्सरुकच्या डोंगरात अमेरिकी हवाई दलाचा तळ होता, १९९३ मध्ये ते निघून गेले. त्यामुळे धावपट्टी लांबलचक, भोवती शेतं आणि रेल्वेचं नाव नाही. फ्रँकफर्टच्या मोठ्या विमानतळावरून शहरात एस-बानने (लोकल ट्रेनने) पंधरा मिनिटांत पोचायची सवय झालेली असते, तिथेच गडबड होते.

फ्रँकफर्टहून बसला पावणेदोन तास धरा. गाडीने ए-६१ महामार्गावरून राइनबोलनला उतरायचं आणि पुढे बी-५० रस्त्याने झिमर्न, किर्शबर्ग. दीड तासाच्या आत होतं. पण हान समुद्रसपाटीपासून ५०० मीटरवर आहे. खाली माइन्झला ऊन असतं आणि वर धुक्यात पुढच्या गाडीचे लाल दिवेही दिसत नाहीत. हिवाळ्यात अर्धा तास जास्त हाताशी ठेवाच.

मी पहिल्याच वर्षी आपटलो. मुंबईहून दुपारी एकला फ्रँकफर्टला उतरलो, साडेपाचला हानहून पोर्टोचं विमान. साडेचार तास, रग्गड! पासपोर्टची रांग आणि बॅग यातच अडीच वाजले. बस नुकतीच गेलेली, पुढची साडेतीनला. सव्वापाचला हानला उतरलो तेव्हा काउंटरवर चिटपाखरू नव्हतं आणि काचेपलीकडे माझं विमान उभं होतं. दोन वेगळी तिकिटं, त्यामुळे पैसे बुडाले. तेव्हापासून या दोन विमानतळांमध्ये सात तासांपेक्षा कमी वेळ मी ठेवत नाही. बायको म्हणते अती करतोस. असेल.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी आणखी एक मेख: ऑनलाइन चेक-इन केलं तरी काही स्वस्त विमान कंपन्या काउंटरवर कागदपत्रं तपासून घ्यायला लावतात, आणि तो काउंटर उड्डाणाआधी ४० मिनिटं बंद होतो. पासपोर्टसोबत रहिवासी परवान्याचं कार्डही जवळ हवं. डॉइचलँड-तिकीट (देशभरातल्या लोकल गाड्या-बसचा मासिक पास) लांब पल्ल्याच्या खासगी बसमध्ये चालत नाही, तेव्हा बसभाडं धरूनच स्वस्त-महाग ठरवा. येण्याजाण्याचं भाडं मिळवलं की बऱ्याचदा मोठ्या विमानतळाचं तिकीट बरं पडतं.

म्युनिकवाल्यांना हाच अनुभव मेमिंगेनला येतो, ड्युसेलडॉर्फवाल्यांना वेझेला. तिकीट काढताना शहराचं नाव वाचू नका, तीन अक्षरी कोड वाचा: एफआरए म्हणजे मोठा, एचएचएन म्हणजे हान. आणि पहाटेचं विमान असेल तर भडंगाची पुडी बरोबर ठेवा.