क्रॉप कॅमेऱ्यासाठी वाइड लेन्स: आधी पावलं मोजा, मग पैसे

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा आहे (म्हणजे सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा, जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा, लहान), त्यासोबत आलेली 18-55 मिलिमीटरची किट लेन्स वापरून झाली आहे आणि फोटोत सगळं मावत नाही, एवढं धरून चालतो. बजेट ठरवा. ते घरी सांगायचं की नाही, तेही ठरवा.

आता आकड्यांचा घोळ. लेन्सवर छापलेला आकडा ही तिची खरी फोकल लेंग्थ असते (मिलिमीटरमध्ये; आकडा जितका लहान, तितकं फोटोत जास्त मावतं), मग ती क्रॉपसाठी बनलेली असो की फुल-फ्रेमसाठी. ‘क्रॉपच्या लेन्सवर आधीच गुणून लिहिलेलं असतं’ असं कोणी सांगितलं तर त्याला पोहे-जिलबी खाऊ घाला आणि सल्ला तिथेच सोडून या. निकॉन, सोनी, फुजीचा दीडपट आणि कॅननचा 1.6 पट हा गुणाकार फुल-फ्रेमवाल्याशी बोलताना लागतो, एरवी नाही. तुमच्या हातात 18 आहे, तर नवी लेन्स 18 शीच ताडून बघा.

मी ताडली नव्हती. इंदुरात एका दुकानदाराने जुनी 16-35 पुढे केली. ‘भिया, फुल-फ्रेमची आहे, उद्या बॉडी बदलली तरी चालेल.’ वजन हातात भरलं, मी भुललो. गणपतीत आत्याकडे दारात उभं राहून पहिला फोटो काढला. किट लेन्समध्ये जे येत होतं त्याहून जास्त काय आलं? आरतीचं ताट आणि काकांचा अर्धा खांदा. 18 वरून 16 वर आलं की रुंदी जेमतेम आठवा हिस्सा वाढते, हा हिशोब मला पैसे गेल्यावर सुचला. 12 ला ती दीडपट होते आणि 10 ला 1.8 पट. या टोकाला एकेक मिलिमीटर महाग असतो, आणि ‘उद्याची बॉडी’ माझ्याकडे अजून आलेली नाही.

तेव्हा खरा प्रश्न ‘कुठली लेन्स चांगली’ हा नसून ‘मला किती वाइड लागते’ हा आहे. यावर ठरलेला सल्ला असा की जुने फोटो चाळा आणि किती 18 वर काढलेत ते मोजा. बेकार सल्ला. त्याने तुम्ही अडलात हे कळतं, कितीने अडलात ते कळत नाही.

मी पावलं मोजतो. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर, म्हणजे होळकरांच्या समाधी-स्मारकांसमोर, गेलो, कॅमेरा 18 वर ठेवला आणि हवं ते सगळं फ्रेममध्ये बसेपर्यंत मागे सरकत गेलो. 36 पावलं झाली. तिथून फोटोत निम्म्या स्कूटरच दिसत होत्या. त्या टाळायच्या तर 24 पावलांवरच उभं राहायला हवं. 18 ला 24 ने गुणा, 36 ने भागा: 12. म्हणजे मला 12 मिलिमीटर लागते. एवढंच गणित, अँगलचे तक्ते बघायची गरज नाही. किटवर 18 सोडून दुसरा आकडा असेल तर तो घ्या.

घरात मागे भिंत असते, सरकणार कुठे? तिथे फरश्या मोजा. आत्याच्या हॉलमध्ये दारातून 18 ला समोरच्या भिंतीलगतच्या पाच फरश्या दिसत होत्या, मखर आणि माणसं धरून आठ हव्या होत्या. 18 गुणिले 5, भागिले 8: सव्वाअकरा. 10 पासून सुरू होणारी लेन्स चालेल, 12 ची नाही.

इथे एक चूक सगळे करतात, मीही केली. राजवाड्यासमोर मी कॅमेरा वर उचलून पावलं मोजली. वाडा फ्रेममध्ये बसला खरा, पण खालचे तीन दगडी मजले ठीक आणि वरचे चार लाकडी मजले मागे रेलून बसल्यासारखे. वाइड लेन्स तिरकी धरली की उभ्या रेषा आत कलतात, आणि लेन्स जितकी वाइड तितकं ते डोळ्यावर येतं. तेव्हा मोजताना कॅमेरा समतल धरा, व्ह्यूफाइंडरमधली लेव्हल चालू ठेवा. खाली रस्ता वाया जाईल, जाऊ द्या. उत्तर एक-दोन मिलिमीटरने खाली येतं, आणि तेच खरं उत्तर.

पाच-सहा आवडत्या जागी असं मोजा. बहुतेक उत्तरं 15-16 च्या आसपास आली, तर अल्ट्रावाइडचा नाद सोडा, 16 ची एक प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घ्या. 10 ते 12 आली, तरच पुढे वाचा.

आणि हो, 10 ला कडेच्या वस्तू ताणल्या जातात. कडेला उभे असलेले काका घरी आल्यावर फोटोत दुधीभोपळ्याच्या डोक्याने दिसतात, आणि मग वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. माणसं मध्यभागी उभी करा.

अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक (f चा आकडा लहान, तर भोक मोठं): वाडे, छत्र्या, दिवसाचं काम असेल तर f/4.5 ची स्वस्त, हलकी लेन्स पुरते. कॅननची 10-18, निकॉनची 10-20 याच जातीच्या. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे देखावे, टिपायच्या असतील तर f/2.8 घ्या, 4.5 पेक्षा अडीच पट प्रकाश मिळतो. स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, नाचणारी माणसं नाही. सोनीवाल्यांना टॅमरॉनची 11-20 आणि सिग्माची 10-18, फुजीवाल्यांना तीच सिग्मा. मी स्वतः सिग्मा घेईन, अडीचशे-पावणेतीनशे ग्रॅमची लेन्स गळ्यात असल्याचं विसरायला होतं.

माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जोडायची खाच, तपासा, हे सांगायला नको. पण निकॉनचा डीएसएलआर असेल तर एक गोम आहे. डी3500 किंवा डी5600 सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. टोकिनाची पहिली 11-16 त्यावर हातानेच फोकस करावी लागते. उलट, निकॉनची 10-20 ही एएफ-पी जातीची आहे, म्हणजे तिचा फोकस बॉडीच्या इलेक्ट्रॉनिक्सवरच चालतो, आणि डी90 किंवा डी7000 वर ती हातानेही फोकस होत नाही. लेन्स दुकानात आपल्याच बॉडीवर लावून बघा.

जुनी घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून मारून आतली काच बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं की ती बुरशी, लेन्स परत द्या. मग वर्तमानपत्राचं एक पान सपाट भिंतीला चिकटवा, त्याच्याशी कॅमेरा समांतर धरा, अॅपर्चर पूर्ण उघडा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं झूम करून वाचा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर चालेल. तीन वाचता येतात आणि चौथा धूसर, म्हणजे आतली काच सरकलेली. दुकानदार म्हणेल, ‘वाइडमध्ये एवढं चालतं.’ नाही चालत. दुसरा नग मागा, त्याचेही चारही कोपरे तपासा.