बाळ, आठची फास्ट आणि रविवारचा मेगाब्लॉक

आमच्या लोकलच्या डब्यातल्या दोघीजणी येत्या काही महिन्यांत बाळंतपणाच्या रजेवर जाणार आहेत. रोज काही ना काही विचारत असतात आणि कुर्ल्याच्या पुढच्या गर्दीत धड उत्तर देता येत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते. मी डोंबिवलीची. नोकरी फोर्टात, एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये. लेक आता दीड वर्षाची आहे. घरात नवरा आणि सासूबाई. तुमच्या घरी जे जुळणार नाही ते खुशाल सोडून द्या.

आधी एक सांगते, बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. घरातली कामं वाटली म्हणजे झालं, असं समजू नका. कामं वाटली जातात, पण ती लक्षात ठेवायचं काम आपल्याच डोक्यात राहतं. "काय करू, सांग ना" असं विचारणारा नवरा चांगलाच असतो, पण सांगायचं कोणी? आपणच. लसीची तारीख, संपत आलेले डायपर, आखूड झालेली झबली, उद्या बाई येणार नाहीत हे आजच आठवणं, यानेच माणूस जास्त दमतो. म्हणून काम द्यायचं तर आठवणीसकट द्यायचं.

आमच्याकडे लसीकरण पूर्ण नवऱ्याचं. कार्ड त्याच्याकडे, डॉक्टरांची वेळ तो घेतो, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस झाले, नंतर नवव्या महिन्यातला, आता दीड वर्षाचा. लस टोचल्यावर रात्री ताप आला तर जागणं त्याचं आणि दुसऱ्या दिवशीची रजाही त्याची. सुरुवातीला त्याने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मलाच विचारले. मी म्हटलं, तूच विचार. एवढं कठोर व्हावं लागतं, नाहीतर दिलेलं काम आठवड्याभरात परत येतं.

रजेचं गणित

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ला झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. आधीच्या बारा महिन्यांत त्या ठिकाणी किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. २६ पैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. इथेच नीट बघा. तीन आठवडे आधी रजा टाकलीत तर बाळंतपणानंतर २३ उरतात, म्हणजे बाळ सव्वापाच महिन्यांचं असताना रुजू व्हायचं. डॉक्टर तर सांगतात, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. हे मधले तीन आठवडे हक्काच्या रजेने भरून काढा. त्यासाठी गरोदरपणात रजा उधळू नका आणि अर्ज आधीच जोडून द्या.

नवऱ्याच्या रजेचंही तसंच. केंद्र सरकारी नोकरीत वडिलांना पंधरा दिवस मिळतात, खासगीत कायद्याने काहीच नाही, जे असेल ते कंपनीच्या मर्जीवर. बाळंतपणाला आपण बहुतेक माहेरी असतो. तिथे आई, मावशी, मालीशवाल्या बाई असा गोतावळा असतो आणि जावई पलंगाशेजारी खुर्ची टाकून फोन बघत बसतो. त्याची रजा तिथे खर्च करू नका. तुम्ही रुजू व्हाल त्या आठवड्यासाठी राखून ठेवा. तेव्हा घरात एक भक्कम माणूस लागतो.

रुजू व्हायचा दिवस गुरुवार धरा, सोमवार नको, म्हणजे पहिला आठवडा छोटा होतो. आणि अकाउंट्सवाल्या असाल तर मार्चअखेर मुळीच नको.

दूध, डबी आणि ऑफिसचा फ्रिज

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण याबद्दल कोणी नीट सांगत नाही. माहेरून निदान महिनाभर आधी सासरी या. रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी बाळाला वाटी-चमच्याने दूध द्यायला सुरुवात करा. बाटली नको असं आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाटली स्वच्छ ठेवणं कठीण आणि तिची सवय लागली की काही बाळं अंगावर ओढेनाशी होतात. जुन्या घरात बोंडलं (दूध पाजायची चोच असलेली छोटी वाटी) असतं, तेही चालतं, घासायला सोपं. मात्र चमचा आपण हातात धरायचा नाही. आईचा वास आला की बाळ वाटीकडे बघतही नाही. सासूबाई भरवत तेव्हा मी खाली जाऊन सोसायटीच्या बाकावर बसत असे.

दूध हाताने काढता येतं, तेवढ्यासाठी महागडा पंप घ्यायलाच हवा असं नाही. रोज गाडीने जाणारीला पंपाने वेळ वाचतो, हे खरं. काढलेलं दूध साधारण २५ अंश तापमानाला चार तास टिकतं. पण आपल्याकडच्या मे महिन्यात खोली २५ अंशांवर कुठली राहायला? त्यामुळे काढलं की सरळ फ्रिजमध्ये. तिथे चार दिवस चालतं. फ्रीझरमध्ये बरेच महिने चालतं, पण एकदा वितळलं की २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. कोमट करायचं असेल तर डबी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. बाळाने उष्टं केलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्या. टाकताना जीव तुटतो, तरी टाका. घरी परतताना बर्फाच्या पिशव्या घातलेली छोटी कूलर बॅग लागते. गर्दीत ती पोटाशी धरायची. रॅकवर ठेवलीत तर विसराल.

ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवताना डबीवर नाव आणि तारीख मोठ्या अक्षरांत लिहा. चहा करणारे मामा सज्जन असतात, पण त्यांना दूध म्हणजे दूध.

कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोनदा दूध पाजण्यासाठी वेळ मिळतो. बाळ डोंबिवलीत आणि आपण फोर्टात, तेव्हा तोच वेळ दूध काढायला वापरू द्या, असं एचआरला लेखी कळवा. तोंडी बोलणं साहेब बदलला की संपतं. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीने पाळणाघराची सोय करायची असते, हेही विचारून ठेवा. पण खरं सांगू? तान्ह्या बाळाला घेऊन आठच्या फास्टमध्ये चढायचं म्हटल्यावर ती सोय आपल्या फारशी कामाची नाही.

जागा मात्र स्वतः जाऊन बघा. सरकारी कार्यालयांत, एसटी स्टँडवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी असते. लेकरासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीचं नाव दिलंय, ते छानच. पण पाटीमागे काय आहे ते महत्त्वाचं. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनात असा कक्ष करून दिला गेला. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात तिथल्या हिरकणी कक्षाच्या अवस्थेबद्दल त्यांनाच जाहीर तक्रार करावी लागली. आमदारांची ही गत, तर आपण रुजू होण्याच्या आठवडाभर आधी एक चक्कर मारलेली बरी. आतून कडी लागते का, प्लग पॉइंट चालू आहे का, खुर्ची आणि हात धुवायला पाणी आहे का, एवढंच बघायचं. स्वच्छतागृहात दूध काढायला कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. आपण तिथे बसून डबा खातो का?

कामावर जायला लागलात की बाळ रात्री जास्त पिऊ लागेल. दिवसभराची कसर ते रात्री भरून काढतं. दूध कमी पडतंय म्हणून घाबरू नका. रात्रीची झोप मोडतेच, त्यामुळे संध्याकाळची कामं कमी करणं हाच उपाय.

सासूबाई आणि पाळणाघर

"घरात आजी आहे, मग पाळणाघर कशाला?" हे चारचौघं विचारतील. आमच्या आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे दुखतात. दहा तास रांगतं मूल सांभाळणं हे पगारी माणसाचं काम आहे, नात्याच्या जोरावर ते कुणाकडून करून घेऊ नये. आम्ही दिवस दोन भागांत वाटला. सकाळी पाळणाघर, दुपारच्या झोपेनंतर आई. गुरुवारी त्यांचं भजनी मंडळ असतं, त्या दिवशी लेक संध्याकाळपर्यंत पाळणाघरात. त्यांची ही सुट्टी ठरलेली आहे, आणि ती मी मोडत नाही. खिमटात तूप किती घालायचं, अंगाला तेल कुठलं लावायचं, हे त्यांनी ठरवावं. मध, मीठ आणि साखर वर्षाच्या आत द्यायची नाही, हे मात्र डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकवलं. माझ्या तोंडून ऐकलं असतं तर त्याचा वाद झाला असता.

पाळणाघर बघायला सकाळी जाऊ नका. सकाळी सगळीच पाळणाघरं चकचकीत असतात. न सांगता संध्याकाळी साडेपाचला जा, बायका दमलेल्या असतात आणि मुलं किरकिरी. तेव्हा आवाज कसा चढतो ते ऐका. एका बाईकडे किती मुलं, ती रजेवर गेली तर कोण, मुलं झोपतात कुठे, टीव्ही किती वेळ चालू असतो, हे विचारा. आणि बाळाला न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं आणि फोटो पहिल्याच दिवशी देऊन ठेवा. जुलैमध्ये कुर्ला आणि शीवच्या मध्ये रुळांवर पाणी भरलं की आपण कुठे अडकू याचा नेम नसतो. आमच्या यादीत समोरच्या फ्लॅटमधल्या काकू आहेत.

स्वयंपाकाबद्दल फार लिहीत नाही. डोंबिवलीत कोपऱ्याकोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र आहे, ते कशासाठी आहे? संध्याकाळी पोळ्या विकत, घरी फक्त कूकर. जावेला वाईट वाटतं, तर वाटो.

स्वतःचा वेळ

पहाटे पाचला उठून योगासनं करा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. रात्री तीनदा उठलेल्या बाईने पहाटेची उरलीसुरली झोप मोडून स्वतःसाठी वेळ काढायचा, हे मला पटत नाही. झोप सोडून दुसरीकडे शोधा. आपल्याला तो जाताना गाडीत मिळतो. सव्वा तास. बसायला मिळालं तर पुस्तक, उभं राहावं लागलं तर कानात गाणी. त्या वेळात घरी फोन करून "खाल्लं का, झोपली का" विचारायचं नाही. येतानाच्या गाडीत भाजी निवडायची असेल तर निवडा, पण जातानाची गाडी स्वतःची.

दुसरा वेळ रविवारचा. मध्य रेल्वे जशी माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद) आधी जाहीर करते आणि त्यावर कोणी भांडत बसत नाही, तसा मीही जाहीर करते. रविवारी अकरा ते दोन माझ्या मार्गावर वाहतूक बंद. नवरा मुलीला घेऊन बागेत जातो, नाहीतर त्याच्या आईबरोबर घरी बसतो. मी झोपते, फडके रोडला चक्कर मारते, कधी नुसती केसांना तेल लावून बसते. घरात सगळे त्याला मेगाब्लॉकच म्हणतात. नाव पडल्याचा फायदा असा की दर वेळी कारण सांगावं लागत नाही. त्या तीन तासांत घर आवरायचं नाही. आवरायला लागलात तर पुढच्या रविवारपासून तो वेळ घराचाच होतो.

तब्येतीचं थोडक्यात. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या असतात, दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत. बाळाची औषधं वेळेवर आणि आपल्या गोळ्या कपाटात, असं बहुतेकींचं होतं. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येतं, ते ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही मन उदास राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, झोपायला मिळूनही झोप लागेना, तर डॉक्टरांना सांगा. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, फोन फुकट आणि मराठीतही बोलता येतं. "दृष्ट लागली असेल" म्हणून मीठमोहऱ्या ओवाळायच्या तर ओवाळू द्या, पण फोनही करा.

ऑफिसात साडेपाचला निघताना माफी मागायची सवय लावून घेऊ नका. "सॉरी, बाळ आहे ना" असं रोज म्हटलं की लोकांनाही वाटायला लागतं की आपण काहीतरी चुकीचं करतोय. "हे झालंय, ते उद्या अकरापर्यंत देते" एवढं सांगा आणि निघा.

कामांची वाटणी दर तीन महिन्यांनी पुन्हा करा, कारण बाळाची कामं बदलतात. नऊ महिन्यांचं झालं की वरचं खाणं वाढतं आणि दुपारचं दूध काढणं कमी करता येतं. ते हळूहळू करा, एकदम थांबवलंत तर गाठी होतात आणि ताप येतो. तेव्हा डबे भरणं हे नवं काम उभं राहतं, ते कोणाकडे जाईल ते ठरवा. आणि पाळणाघर दिवाळीत किती दिवस बंद असतं ते गणपतीतच विचारून रजेचा अर्ज टाकून ठेवा. त्या आठवड्याच्या रजेसाठी आपल्या सेक्शनमध्ये सगळ्यांचा डोळा असतो.