कॉलेज आणि हद्दीतलं पोलीस ठाणं: ओळख आधी, तक्रार नंतर

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांचे स्वतःचे पोलीस असतात, अटकेचे अधिकार असलेले. आपल्याकडे कॉलेजच्या गेटवर उभा असतो तो बहुधा खाजगी एजन्सीचा वॉचमन. कायद्याने त्याला तुमच्याआमच्यापेक्षा जास्त अधिकार नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर कुठल्याही नागरिकासारखं तो आरोपीला धरू शकतो आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 40). त्यामुळे महाराष्ट्रात कॅम्पसची सुरक्षा म्हणजे हद्दीतल्या पोलीस ठाण्याशी कॉलेजचं जमवणं. हे काम विद्यार्थी विकास अधिकारी, एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी किंवा रेक्टर यांपैकी एकाच्याच गळ्यात घाला. तिघांवर सोपवलं की कुणीच करत नाही.

सुरुवात सत्काराने करू नका. सभागृहात पाचशे मुलं, शाल-श्रीफळ, चाळीस मिनिटांचं भाषण, शेवटी ‘काही शंका?’ आणि मग नुसती शांतता. यातून फक्त फोटो निघतात. वरिष्ठ निरीक्षकांना पत्र द्या आणि मागणी एकच ठेवा: एक बीट अंमलदार (हद्दीतला ठरावीक भाग सांभाळणारा पोलीस) आणि एक महिला अंमलदार, नावानिशी, निदान सहा महिने. बदल्या होणारच. जाणाऱ्याने नव्या माणसाची ओळख मुलांसमोर करून द्यावी, हेही त्याच पत्रात लिहा. पुण्यातल्या ‘पोलीस काका’ योजनेचं मर्म हेच: कॉलेजला ठरलेला पोलीस आणि मुलांकडे त्याचा नंबर.

बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, पंधरा-वीस मुलांची. नेहमीचे सीआर (वर्ग प्रतिनिधी) तेवढे बोलावू नका. हॉस्टेलवरची, संध्याकाळच्या बॅचची, बाहेरगावाहून एसटीने येणारी, व्हीलचेअर वापरणारी मुलं त्यात हवीत. आदल्या दिवशी निनावी चिठ्ठ्या घ्या आणि पहिली दहा मिनिटं अंमलदारांनी फक्त त्यांची उत्तरं द्यावीत. दोन प्रश्न हमखास येतात. ‘तक्रार केली तर पासपोर्टला अडेल का?’ नाही, तक्रारदार किंवा साक्षीदार असणं म्हणजे गुन्हेगारी नोंद नव्हे. ‘घरी कळवणार का?’ इथे उत्तर जपून द्यायचं. अठरा पूर्ण असतील तर निर्णय विद्यार्थ्याचा. पण अकरावी-बारावीची बहुतेक मुलं अठराच्या आतली असतात. त्यांच्यावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळाली की पोक्सो (अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवावीच लागते. ‘आपल्यातच राहील’ असं आधी सांगून नंतर कळवलं, तर ती मुलगी पुन्हा तोंड उघडणार नाही. ही मर्यादा तिने बोलायला लागायच्या आधीच सांगा.

पुढचं काम पायी करायचं. लायब्ररी बंद होते त्या वेळी दोन्ही अंमलदार, सहा-सात मुलंमुली, एक प्राध्यापिका आणि कॉलेजचा इलेक्ट्रिशियन यांनी लायब्ररीपासून बस स्टॉपपर्यंत आणि हॉस्टेलच्या मागच्या वाटेने चालायचं. कुठे थांबायचं ते मुलींनी सांगायचं, पोलिसांनी नाही. प्रत्येक थांब्याला लिहून घ्या: दिवा आहे का, लागतो का, झाडाच्या फांदीत अडकलाय का, तिथे मोबाइलला रेंज आहे का, पाठीमागे पळायला वाट आहे का. खांबावर नंबर रंगवलेला असेल तर तो टिपा, कारण ‘मागच्या गल्लीत अंधार आहे’ या अर्जावर कुणी शिडी घेऊन येत नाही. मग खांब कुणाचा ते ठरवा: कॉलेजचा, पालिकेचा की ग्रामपंचायतीचा. निम्मी कामं अडतात ती अर्ज चुकीच्या दारात गेल्यामुळे. फेरी दर सत्रात एकदा करा, आणि एकदा पावसाळ्यात. वाढलेलं गवत उन्हाळ्यात दिसत नाही.

तक्रार पेटी प्राचार्यांच्या केबिनबाहेर किंवा सीसीटीव्हीखाली लावली तर ती रिकामीच राहते. लेडीज कॉमन रूमजवळ एक आणि मुलांच्या हॉस्टेलच्या जिन्यात एक लावा. कुलपं दोन: एक किल्ली अंतर्गत तक्रार समितीच्या (कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणारी समिती) अध्यक्षांकडे, दुसरी विद्यार्थी प्रतिनिधीकडे. दर सोमवारी दोघांनी मिळून उघडायची. महिन्याअखेर फलकावर फक्त आकडे लावा: चिठ्ठ्या किती आल्या, किती मिटल्या, किती कुणाकडे अडल्यात. अडलेला आकडा लपवला की मुलं पेटीकडे पाहणं सोडतात.

व्हॉट्सॲप ग्रुपचा मोह टाळा. तीनशे जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येक मुलीचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि आठवडाभरात कुणाचा तरी ‘हाय’ येतो. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. मात्र तिचा मेसेज फक्त ज्यांनी तो नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून पहिल्या दिवशी वर्गातच सेव्ह करून घ्या. सोबत 112, महिलांसाठी 181, ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930. हातघाईच्या वेळी अंमलदाराला नव्हे, 112 लाच फोन करायचा; तो सुट्टीवर असू शकतो.

सगळी घडी विस्कटते ती एका गोष्टीने: टेकडीवर किंवा पार्किंगमध्ये बसलेल्या जोडप्याला हटकणं, ओळखपत्र काढून घेणं, घरी फोन लावणं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 110 असभ्य वर्तनासाठी आहे, शेजारी बसण्यासाठी नाही. दामिनी पथकाने (महिलांच्या सुरक्षेसाठीचं पोलीस पथक) मुलींना त्रास देणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं की मुलींवरच, हे पहिल्या बैठकीत स्पष्ट बोलून घ्या. जरा अवघड वाटेल, पण न बोलता पुढे गेलात तर बाकीचं सगळं पाण्यात.

गंभीर प्रकार घडला तर कॉलेजने ‘आधी आपण चौकशी करू’ म्हणत बसू नये. रॅगिंगमध्ये गुन्हा घडल्याचं दिसलं, तर यूजीसीच्या 2009 च्या नियमांप्रमाणे माहिती मिळाल्यापासून 24 तासांत प्राचार्यांनी एफआयआर द्यायचा असतो, हेल्पलाइन 1800-180-5522. लैंगिक छळात अंतर्गत समितीची चौकशी आणि पोलीस तक्रार एकाच वेळी चालू शकतात. हद्दीचं कारण सांगून दखलपात्र गुन्हा नाकारता येत नाही: नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, ऑनलाइन दिला तर तीन दिवसांत सही करावी लागते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या. जबाबासाठी मुलीला वर्गातून गणवेशातल्या पोलिसाने उठवून नेऊ नये. जागा तिने ठरवावी, महिला अंमलदार साध्या वेशात यावी, सोबत तिच्या पसंतीची प्राध्यापिका असावी. आणि स्टाफरूममध्ये तिचं नाव कुणी उच्चारू नये; लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली स्वतंत्र गुन्हा आहे, हे शिपायापासून विभागप्रमुखापर्यंत सगळ्यांना लेखी द्या.